ठेका उरला, बँड विरला

नमस्कार श्रोतेहो. आज ज्या बँडबद्दल बोलणार आहे, त्याचं नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. पण त्याची एक चाल तुमच्या कानांवरून नक्कीच गेली असेल, कुठल्या तरी पार्टीत, नाहीतर कुणाच्या तरी गाडीत. बँडचं नाव लिक्विड लिक्विड. हो, दोनदा.

शहर न्यूयॉर्क, साल १९८०च्या आसपासचं. पाचेक वर्षांपूर्वी हे शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरून कसंबसं परतलं होतं. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला ओस पडलेली गोदामं स्वस्तात मिळत, म्हणून चित्रकार, नट, वादक सगळे तिथेच गोळा झाले. पंकवाल्यांनी, म्हणजे साधं, आरडाओरडीचं रॉक वाजवणाऱ्यांनी, त्याआधी दाखवून दिलंच होतं, की हात फारसा तयार नसला तरी स्टेजवर चढायला हरकत नाही. त्यांच्या मागून आलेल्या पोरांनी ही बेधडक वृत्ती ठेवली, पण गिटारचा गोंगाट बाजूला सारला आणि फंक म्हणजे ठेक्यावर चालणारं नाचाचं संगीत, डब म्हणजे जमैकातलं घुमत्या आवाजांचं रेगे, आणि आफ्रिकेतली तालवाद्यं यांकडे कान लावले. पोस्ट-पंक फंक म्हणतात ते हे.

लिक्विड लिक्विडमध्ये चौघे होते. बास गिटारवर रिचर्ड मॅग्वायर, ड्रमवर स्कॉट हार्टली, गायनाला सॅल प्रिन्सिपॅटो आणि मरिम्बावर डेनिस यंग. मरिम्बा म्हणजे आपल्याकडच्या काष्ठतरंगाचा थोरला भाऊ समजा. गायन म्हणजे तरी काय, अर्धवट शब्द, हाका, हुंकार. त्यात अर्थ शोधायला गेलात तर हाती काही लागायचं नाही. आवाजसुद्धा इथे एक तालवाद्यच आहे. मला तर हे एखाद्या ढोल-पथकाच्या तालमीसारखं वाटतं. प्रत्येक जण आपला तुकडा धरून बसलेला, आणि सगळे मिळून गुंगी आणतात.

ग्रीनिच व्हिलेजमध्ये, मॅकडूगल स्ट्रीटवर ९९ क्रमांकाच्या जागेत एक रेकॉर्डचं दुकान होतं. मालक एड बालमन. दुकानाचाच पत्ता नाव म्हणून घेऊन त्यांनी '९९ रेकॉर्ड्स' ही कंपनी काढली आणि या चौघांच्या तीन छोट्या तबकड्या प्रसिद्ध केल्या. तिसरी, 'ऑप्टिमो', १९८३ची. त्यातलं 'कॅव्हर्न' हे गाणं शहरातल्या नाचाच्या क्लबांमध्ये जोरात वाजू लागलं.

इथून गोष्टीला वेगळंच वळण लागतं. त्याच वर्षी शुगरहिल रेकॉर्ड्स या हिप-हॉपच्या, म्हणजे ठेक्यावर बोलत गायच्या संगीताच्या, मातब्बर कंपनीनं मेली मेल या रॅपरचं 'व्हाइट लाइन्स' बाजारात आणलं. कोकेनवरचं गाणं, तुफान गाजलं. आणि खाली बास कुठला? 'कॅव्हर्न'चा! मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा उचललेला नव्हता. कंपनीच्या पगारी वादकांनी तीच चाल नव्यानं वाजवली होती. 'कॅव्हर्न'मधले शब्दसुद्धा थोडे फिरवून त्यात आले होते. १९७९च्या 'रॅपर्स डिलाइट'मध्येही याच कंपनीनं शीक या बँडची चाल अशीच वाजवून घेतली होती, आणि मूळ रचनाकारांनी कोर्टाची भीती घातल्यावर त्यांची नावं गाण्यावर चढली. या वेळी भांडण थेट कोर्टात गेलं. ९९ रेकॉर्ड्सची बाजू खरी ठरली, पण शुगरहिलनं दिवाळं जाहीर केलं. निकाल खिशात, पैसा नाही. बालमन वैतागले, कंपनी गुंडाळली आणि संगीताच्या धंद्यातूनच उठले. बँडही विरून गेला. उणीपुरी तीन-चार वर्षांची कारकीर्द.

एका माणसाच्या बोटांतून निघालेली ती बासची ओळ मात्र थांबली नाही. १९९५मध्ये ड्युरान ड्युरान या ब्रिटिश पॉप बँडनं 'व्हाइट लाइन्स' पुन्हा गायलं, म्हणजे 'कॅव्हर्न' तिसऱ्या घरी नांदायला गेलं. १९९७मध्ये बीस्टी बॉइज या न्यूयॉर्कच्याच रॅप बँडच्या कंपनीनं जुन्या तबकड्या पुन्हा काढल्या. त्याच वर्षी ग्लासगोत दर रविवारी रंगणारी एक नाचाची मैफल सुरू झाली, तिचं नावच 'ऑप्टिमो'. २००८ला पुन्हा एक संग्रह निघाला, आणि चौघे परत स्टेजवर दिसू लागले. २ एप्रिल २०११ला एलसीडी साउंडसिस्टम या बँडचा निरोपाचा कार्यक्रम मॅडिसन स्क्वेअर गार्डनला होता. सुरुवात करायला कोण? लिक्विड लिक्विड! गोदामांतून निघालेले हे चौघे, केस पिकल्यावर त्या अवाढव्य सभागृहात.

आणि मॅग्वायर? हा गडी मुळात चित्रकार. १९८९मध्ये 'रॉ' या चित्रकथांच्या अनियतकालिकात त्यानं सहा पानांची एक चित्रकथा केली, 'हिअर'. खोलीचा एकच कोपरा, आणि त्याच चौकटीत वेगवेगळी सालं शेजारी शेजारी. १९५७ची बाई आणि हजारो वर्षांपूर्वीचं जंगल, एकाच चित्रात. पंचवीस वर्षांनी, २०१४ला, त्यानं तिचं तीनशेवर पानांचं पुस्तक केलं. चौकट हलत नाही, आतलं सगळं बदलतं. बास वाजवतानाही हा माणूस नेमकं हेच करत होता, असं मला राहून राहून वाटतं: एकच ओळ, पुन्हा पुन्हा, आणि तिच्याभोवती बाकीचे ये-जा करताहेत.

असो. आता 'कॅव्हर्न'च लावू या. पाचेक मिनिटांचं आहे. गिटार शोधू नका, ती नाहीच. आधी बास पकडा, मग मरिम्बा आपोआप सापडेल.