कोळशाचं गाव, डोंगराचं नाव

हे बघा, हे आपलं शिवाजी उद्यमनगर. सकाळचे नऊ वाजलेत, शटर वर चाललेत, चहाचे ग्लास फिरताहेत आणि मागं कुठंतरी लेथचा आवाज सुरू झालाय. कोल्हापूरच्या जमिनीत खणलं की काळा बेसॉल्टच लागतो, लाव्हा थंड होऊन झालेला, कोळसा काय सापडायचा नाही. पण या गावानं ऑइल इंजिनची कास्टिंगं ओतली, पंप ओतले, त्याला कोक, म्हणजे भाजून तयार केलेला दगडी कोळसा, लागायचाच आणि तो यायचा लांबनं, कुठल्या कुठल्या खाणीतनं. माझे आण्णा 30 वर्षं क्युपोलावर, म्हणजे लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीवर होते. वरनं कोक, मग बिडाचं लोखंड, मग चुनखडी असे थर टाकायचे, खालनं ब्लोअरची हवा, आणि मग भोकातनं लालभडक रस यायचा. घरी आले की नखात, कानामागं काळं असायचं, कितीबी घासलं तरी. तो कोळसा जमिनीतनं कुणी काढला असेल हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. पडला तो कॅनडात गेल्यावर.

ताई कॅलगरीला असते. तिच्याकडं गेलो होतो तेव्हा दाजी म्हणाले चल, तासाभरावर एक डोंगरातलं गाव आहे, कॅमेरा घे. हे ते कॅनमोर. रॉकी पर्वतातली बो नदी, तिच्या काठाला हे गाव, आणि वर ती तीन शिखरं दिसतात ना, त्यांना थ्री सिस्टर्स म्हणतात. कॅफे आहेत, सायकलींची दुकानं आहेत, लाकडाची चकाचक घरं आहेत. मला वाटलं गाव पर्यटनासाठीच वसवलंय. तसं नाहीये.

या खोऱ्यात आधीपासून स्टोनी नाकोडा लोक होते. 1880 च्या दशकात कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे इथनं गेली, इंजिनाला कोळसा पाहिजे होता, आणि तो याच डोंगराच्या पोटात निघाला. 1887 ला पहिली खाण सुरू झाली. (आपल्याकडं मिरज-कोल्हापूर रेल्वे 1891 ची, म्हणजे काळ साधारण तोच.) इथला कोळसा कडक, धूर कमी करणारा, वाफेच्या इंजिनाला एकदम चांगला. पण तो काढणं सोपं नव्हतं. डोंगर तयार होताना जमीन चेपून वाकडी झालेली, त्यामुळं कोळशाचे थर आडवे सपाट नाहीत, तिरके, उभे गेलेले, माणसानं अंधारात त्या उतारावर उभं राहून खणायचं आणि वर गॅसची भीती कायमची. इटली, पोलंड, ब्रिटन, युक्रेन, कुठनं कुठनं माणसं आली. शेजारी जॉर्जटाऊन म्हणून एक वस्ती होती, ती खाण थोड्याच वर्षांत बंद पडली तर लोकांनी घरंच उचलून कॅनमोरला आणली.

यातल्या एका माणसापाशी मी जास्त वेळ थांबलो. लॉरेन्स ग्रासी. इटलीतनं आलेला, दिवसभर खाणीत काम करणारा. संपात काम बंद होतं तेव्हा हा बसून राहिला नाही, डोंगरातल्या दोन तळ्यांपर्यंत जायला वाट करत बसला, स्वतःच्या हातानं. ही ती तळी, पाणी बघा, रंग वाढवलेला नाही मी. ग्रासी लेक्स. आज सगळे त्या वाटेनं चालतात, मीही चाललो, आणि प्रत्येक दगडी पायरीवर पाय ठेवताना वाटत होतं की हे कुणीतरी रोज जमिनीखाली राबणाऱ्या माणसानं उजेडात बसून रचलंय.

आणि आता हा डोंगर. गावाच्या डोक्यावर उभा आहे तो. 1896 ची गोष्ट. गावातल्या हॉटेलात एक चिनी आचारी होता, हा-लिंग त्याचं नाव. पैज लागली, 50 डॉलरची, की 10 तासांच्या आत तू वर जाऊन येऊन दाखव. सकाळी सातला निघाला आणि दुपारच्या जेवणाला परत. वर झेंडा लावून आला, पण झेंडा छोटा, खालनं दिसेना, म्हणून लोक म्हणाले खोटं बोलतोस. मग तो शंका घेणाऱ्यांनाच घेऊन परत चढला आणि पहिल्या झेंड्याशेजारी मोठा झेंडा लावला. एवढं करून डोंगराला नाव काय पडलं, तर चिन्याचा डोंगर. माणसाचं नाव नाही, नुसती जात-वंश सांगणारी हाक. शंभर वर्षं तीच हाक चालली, 1990 च्या दशकात ती काढून हा-लिंग पीक हे नाव दिलं.

ही गोष्ट कोल्हापूरच्या माणसाला लगेच कळते. याच गावात अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळेंनी चहाचं हॉटेल काढलं, तिथं चहा प्यायला कुणी येणार नाही अशी स्थिती होती तेव्हा शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायले. आपण आजही त्यांना गंगाराम कांबळे असं नावानंच ओळखतो. मला तो आचारी आणि हे हॉटेल सारखं एकत्र आठवत राहिलं, तिथं थंडीत उभा असताना.

रेल्वे डिझेलवर गेली तसा कोळशाचा गिऱ्हाईक गेला, पुढं काही वर्षं जपानला माल गेला, आणि 13 जुलै 1979 ला, शुक्रवारी, शेवटची खाण बंद झाली. 1988 च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकमधल्या क्रॉस-कंट्री स्कीच्या शर्यती कॅनमोरला झाल्या आणि जगाला गाव दिसलं. इथं एक गोष्ट समजून घ्या. 1930 साली शेजारच्या बॅन्फ नॅशनल पार्कची हद्द नव्यानं आखली तेव्हा खाणींमुळं कॅनमोर बाहेर ठेवलं. पार्कमधल्या बॅन्फ गावात राहायला तिथं कामधंदा असल्यासारखं कारण लागतं, कॅनमोरात कुणीही घर घेऊ शकतो. मग बाहेरचा पैसा आला, सुट्टीची घरं आली. 2021 च्या जनगणनेत लोकसंख्या 15,990, पण हॉटेलात काम करणाऱ्या पोरांना खोली परवडत नाही. जुन्या बोगद्यांवर घरं बांधायची म्हटलं की आधी खालची जमीन तपासावी लागते, पोकळी कुठं आहे बघायला. पन्हाळ्यावरचा माझा एक मित्र फोनवर हे ऐकून गप्पच झाला. त्याच्या वाड्याला पण रोज गिऱ्हाईक येतंय रिसॉर्टसाठी.

परत आल्यावर हे सगळं शूटिंग आण्णांना लॅपटॉपवर दाखवलं. खाणीचा जुना फोटो आला तर म्हणाले, "धूर कमी करायचा म्हंतोस? मग चांगला असणार." पुढं डोंगर आला. "त्या आचाऱ्याचं नाव परत सांग." मी सांगितलं. त्यांनी दोनदा स्वतःशी म्हणून बघितलं, मग काळं बोट स्क्रीनवर टेकवून विचारलं, "मोठा झेंडा कुठं लावला हुता त्यानं?"

मी झूम केलं.