कोथिंबिरीच्या वाफ्यातले जंतू

नमस्कार. माझ्या हातातली ही कोथिंबिरीची जुडी ठाण्याच्या जांभळी नाक्यावर घेतलेली आहे. वाशीच्या बाजारात उतरणाऱ्या नाशिककडच्या मालातली ती असेल, किंवा जवळपासच्या एखाद्या मळ्यातली असेल. तिच्या मुळांना चिकटलेली ही माती आजचा विषय आहे, कारण कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीवर रोगजंतू येतात ते पुष्कळदा काढणीच्या आधी, पीक वाफ्यात उभे असतानाच.

मातीतले बहुतेक जिवाणू निरुपद्रवी असतात. बाहेरून आलेल्या जंतूंशी स्पर्धा करून ते त्यांना हटवतातही. निर्जंतुक केलेल्या मातीत रोगजंतू अधिक काळ तग धरतात, असे प्रयोगांत दिसले आहे. रोगजंतूंपैकी लिस्टेरिया मात्र मातीतच राहणारा आहे, तर साल्मोनेला आणि विष निर्माण करणारे ई. कोलाय या जिवाणूचे प्रकार जनावरांच्या व पक्ष्यांच्या आतड्यांतून येतात. ज्या गाईच्या पोटात यांतलाच ई. कोलाय ओ१५७ हा प्रकार असतो ती स्वतः आजारी दिसत नाही, त्यामुळे शेण पाहून काहीच कळत नाही. कच्चे शेण, कोंबडीखत, सांडपाणी किंवा पुराचे पाणी यांतून हे जंतू एकदा जमिनीत शिरले, की ऊन आणि कोरडेपणा मिळाल्यास लवकर मरतात. ओलसर, थंड, सावलीच्या जमिनीत ते काही महिनेही टिकू शकतात.

मातीतून पानावर जाण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे शिंतोडे. पावसाचा किंवा तुषार सिंचनाचा थेंब उघड्या मातीवर आपटला, की मातीचे कण उडून खालच्या पानांना चिकटतात, आणि कोथिंबीर, पालक, पुदिना यांची तर सगळीच पाने जमिनीलगत असतात. पानावर पोहोचलेला जंतू नुसता बसून राहत नाही. अतिसूक्ष्म तंतूंनी तो पृष्ठभागाला घट्ट धरतो आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतो. प्रकाशात उघडलेल्या पर्णरंध्रांकडे, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांकडे, साल्मोनेला ओढला जातो व आत शिरतो, हेही लेट्यूसच्या पानांवर दिसून आले आहे. मुळांवाटे आत जाणेही प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे, पण माझ्या मते त्याची चर्चा गरजेपेक्षा जास्त होते. शेतात खरी काळजी शिंतोड्यांची आणि पाण्याची घ्यावी.

२००६ साली अमेरिकेत पिशवीबंद पालकातून ई. कोलाय ओ१५७ ची साथ पसरली. सुमारे २०० जण आजारी पडले आणि तिघांचा मृत्यू झाला. तपासात कॅलिफोर्नियातल्या एका शेतापर्यंत माग लागला. परिसरातल्या गुरांच्या शेणात, रानडुकरांच्या विष्ठेत आणि नदीच्या पाण्यात तोच जंतू सापडला, मात्र तो पालकावर नेमका कोणत्या वाटेने आला हे निश्चित होऊ शकले नाही. तो पालक कारखान्यात धुतलेलाच होता. आपल्याकडे रेल्वे रुळांलगतच्या पालेभाजीकडे बोट दाखवून पुष्कळजण मोकळे होतात, आणि सांडपाण्यावरची भाजी धोक्याची आहे यात शंका नाही. पण स्वच्छ दिसणारे, हिरवेगार शेत सुरक्षित असेलच असे मानायला आधार नाही.

धुतल्याने माती जाते, जंतू मात्र साधारणपणे दहापट ते शंभरपटच कमी होतात. ओ१५७ च्या बाबतीत शंभराहून कमी जंतूसुद्धा आजारासाठी पुरे पडू शकतात. मिठाच्या पाण्याने त्यात फारसा फरक पडत नाही. घरात लहान मूल, गर्भवती किंवा वयस्कर माणूस असेल, तर कोथिंबीर वरून भुरभुरण्याऐवजी आमटी उकळत असतानाच घालावी.

खरा उपाय शेतात आहे, आणि तिथे एक अडचण आहे. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांनुसार, खाण्याचा भाग मातीला टेकत असेल तर कच्चे शेणखत घातल्यापासून काढणीपर्यंत किमान १२० दिवस जावे लागतात. आपली कोथिंबीर साधारण दीड महिन्यात आणि मेथी त्याहून लवकर काढणीला येते. म्हणजे वाफा तयार करताना कच्चे शेण घातले, तर हे अंतर कधीच पाळले जाणार नाही. म्हणून अशा पिकाला पूर्ण कुजलेलेच खत हवे. हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि तणाच्या भीतीने आपले बरेच शेतकरी कच्चे शेण टाळतात. तीच सवय इथेही कामी येते. फक्त खड्ड्यात पडून काळे झालेले खत कुजलेले असेलच असे नाही. त्याच नियमांत ढिगाचे तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर १५ दिवस राहावे आणि त्या काळात ढीग पाच वेळा उलटावा, असे सांगितले आहे, कारण बाहेरचा थंड थर आत गेल्याशिवाय त्यातले जंतू मरत नाहीत.

ठाणे आणि नवी मुंबईत गच्चीवर भाजी लावणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. बादलीएवढ्या खतात इतकी उष्णता साधारणपणे साठत नाही. तबेल्यातून आणलेले ताजे शेण त्यात मिसळले असेल, तर ते खत जास्वंदीला आणि गुलाबाला घालावे. कोथिंबिरीच्या कुंडीत घालू नये.