हाकाऱ्यांमधून गाणारा टॉमी डंकन

आत्ता आपण जी तबकडी ऐकली, तिच्यात दोन माणसांचे आवाज होते. एक जण शांतपणे गात होता. दुसरा मध्येच 'आऽहा' करून ओरडत होता, वादकाला नावानं हाक मारून पुढे बोलावत होता, गाण्याच्या ओळीवर शेरेही मारत होता. तबकडीवर मोठ्या अक्षरांत नाव आहे ते या ओरडणाऱ्याचं: अमेरिकेतला बॉब विल्स आणि त्याचा ताफा, टेक्सस प्लेबॉइज. गाणाऱ्याचं नाव खाली, बारीक टायपात. तमाशाच्या फडाला नाव फडमालकाचंच असतं, तसंच हे. आज मी त्या बारीक टायपातल्या टॉमी डंकनविषयी बोलणार आहे.

डंकनचा जन्म 1911 चा, टेक्ससमधल्या व्हिटनी गावचा. घरची शेती. कानावर काय पडलं? कंट्री गायक जिमी रॉजर्सच्या तबकड्या, त्या काळचा लोकप्रिय गायक बिंग क्रॉस्बी याचं मऊ गाणं आणि एमेट मिलर. हा मिलर गोरा. तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची नक्कल करणारा. आज ते बघवणार नाही. पण गाताना आवाज मध्येच फोडून वर नेण्याची त्याची लकब डंकननं उचलली, हे ऐकताना लपत नाही.

1932 मध्ये फोर्ट वर्थला एका पिठाच्या गिरणीच्या जाहिरातीसाठी रेडिओवर गाणारा एक ताफा होता, लाइट क्रस्ट डोबॉइज. त्यांचा गायक मिल्टन ब्राउन सोडून गेला, कारण गिरणीचा साहेब ताफ्याला नाचाच्या कार्यक्रमांत वाजवू देईना. हा साहेब म्हणजे डब्ल्यू. ली ओ'डॅनियल, पुढे टेक्ससचा गव्हर्नर झाला. ब्राउनच्या जागेसाठी 67 जणांनी गाऊन दाखवलं आणि त्याच ताफ्यात फिडल, म्हणजे व्हायोलिन वाजवणाऱ्या विल्सनं त्यातून डंकनला निवडलं, असं सांगतात. पुढच्याच वर्षी विल्सची गिरणी सुटली, डंकनही त्याच्याबरोबर निघाला. वेको, मग ओक्लाहोमा सिटी, आणि 1934 मध्ये टल्सा. तिथल्या केव्हीओओ स्टेशनवरून दुपारचा कार्यक्रम आणि रात्री नाचाचे हॉल, असा दिनक्रम बसला.

हा ताफा वाजवायचा ते वेस्टर्न स्विंग. ते म्हणजे काय, हे इथं दोन वाक्यांत सांगतो, कारण व्याख्येत फार रमलं की गाणं हातचं जातं. खेड्यातलं फिडल, काळ्यांचा ब्लूज, शहरी जॅझ, मेक्सिकन चाली, पोल्का, हे सगळं एका तालावर आणून लोकांना नाचवायचं. ड्रम, साक्सोफोन, स्टील गिटार सगळं चालतं. ही स्टील गिटार मूळची हवाईची; आपल्याकडे व्हॅन शिप्लीनं तिच्यावर हिंदी सिनेमाच्या चाली वाजवल्या, तेव्हा तिचा तो घसरता सूर आपल्याला परका नाही.

आता सप्टेंबर 1935, डॅलस. टेक्सस प्लेबॉइजचं पहिलं ध्वनिमुद्रण. निर्माता आर्ट सॅदर्ली हा इंग्लंडहून आलेला. त्याला पितळी वाद्यं नको होती, आणि विल्सचं ओरडणं तर मुळीच नको. त्यानं थांबवल्यावर विल्सनं म्हणे आपल्या माणसांना वाद्यं आवरायला सांगितलं. सॅदर्ली नमला. हा किस्सा नेहमी विल्सच्या बाणेदारपणाचा म्हणून सांगतात. मला मात्र यात डंकन दिसतो. कारण त्या दिवसापासून पुढं तेरा वर्षं, मायक्रोफोनसमोर कुणीतरी कधीही ओरडेल हे धरूनच त्याला गायचं होतं. त्या काळी तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटं. चुकलं तर सगळं पुन्हा. आपल्या जुन्या भावगीत गायकांनाही हे बंधन होतं, पण त्यांच्या अंतऱ्यात मधेच कुणी 'आऽहा' करत नव्हतं!

डंकन हसत नाही, दचकत नाही, लय सोडत नाही. ओळीचा शेवटचा शब्द जरा मागे रेंगाळू देतो, आणि विल्स नेमका त्या फटीत शिरतो. माझ्या मते या ताफ्याची खरी रचना ही आहे. एकजण खोड्या काढणारा आणि एकजण अविचल.

1938 मध्ये विल्सनं 'सॅन अँटोनियो रोझ' नुसतं वाद्यांवर मुद्रित केलं. ते खपलं. मग शब्द आले आणि एप्रिल 1940 मध्ये डंकनच्या आवाजात ते नव्यानं मुद्रित झालं, फिडलऐवजी साक्सोफोन-ट्रंपेट पुढे. लगोलग बिंग क्रॉस्बीनं ते गायलं आणि त्याची तबकडी दहा लाखांच्या वर गेली. ज्या क्रॉस्बीला ऐकून डंकन गायला शिकला, त्यानं आता डंकनचं गाणं उचललं होतं. त्याच वर्षीचं 'टाइम चेंजेस एव्हरीथिंग' हे मात्र डंकननं स्वतः लिहिलेलं. प्रेम गेलं, मीही सावरलो, एवढाच आशय. रडारड नाही. पुढे जॉनी कॅशनं आणि मर्ल हॅगर्डनं ते गायलं.

1941 च्या 'टेक मी बॅक टू टल्सा'वर विल्स आणि डंकन दोघांची नावं आहेत. त्यात छोटी मधमाशी फूल चोखते आणि मध मोठी घेते अशी ओळ आहे. तिला जोडूनच, कापूस काळा पिकवतो आणि पैसा गोऱ्याचा, अशीही. पुढे ती बदलली गेली. बारीक टायपातला गायक मधमाशीची ती ओळ मालकाच्या शेजारी उभा राहून गातोय, हे मला ऐकताना दरवेळी आठवतं.

पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर डंकन लष्करात भरती झाला, परतही आला. 1946 चं 'न्यू स्पॅनिश टू स्टेप' बिलबोर्ड या संगीत-साप्ताहिकाच्या ज्यूकबॉक्स (नाणं टाकून तबकडी ऐकायचं यंत्र) यादीत सोळा आठवडे पहिलं होतं. पण मला विचाराल तर त्याचा खरा आवाज टिफनी ट्रान्सक्रिप्शन्समध्ये आहे. 1946-47 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, रेडिओ स्टेशनांना पुरवण्यासाठी, सोळा इंची तबकड्यांवर दोनशेहून जास्त गाणी मुद्रित झाली. इथं कंपनीचा निर्माता डोक्यावर नाही, सगळे मोकळे सुटलेत.

1948 मध्ये फाटलं. विल्स दारूपायी कार्यक्रमांना येत नसे आणि त्याच्यासाठी तिकीट काढून आलेल्या लोकांना तोंड देणं डंकनच्या वाट्याला येई. तो कुरकुरला, विल्सच्या कानावर गेलं, आणि त्यानं गिटारवादक एल्डन शॅम्ब्लिनकरवी त्याला काढून टाकलं, अशी हकिकत आहे. डंकननं वेस्टर्न ऑल स्टार्स नावाचा स्वतःचा ताफा काढला. कॅपिटल या तबकड्यांच्या कंपनीसाठी गायलेलं जिमी रॉजर्सचं 'गॅम्बलिंग पोल्का डॉट ब्लूज' 1949 मध्ये यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. नंतर तसं काही घडलं नाही. गळा तोच, वादक चांगले. तबकडीवर नावही आता मोठ्या अक्षरांत. पण ऐकताना मला काहीतरी फार नीटनेटकं वाटतं. कुणी मध्ये बोलतच नाही. विल्सलाही त्याच्याशिवाय 'फेडेड लव्ह' 1950 मध्ये मिळालं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरी डंकनसारखा गवई त्याला पुन्हा सापडला नाही.

1960 च्या सुमारास दोघं पुन्हा एकत्र आले, लिबर्टी कंपनीसाठी. 'हार्ट टू हार्ट टॉक' पहिल्या पाचांत गेलं. फार काळ जमलं नाही. जुलै 1967 मध्ये सॅन दिएगोत हृदयविकारानं डंकन गेला, 56 वर्षांचा. पुढच्या वर्षी कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये विल्सला मान मिळाला, एकट्याला.

आता लिबर्टीची तबकडी लावतो. विल्स ओरडेल, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. तो ओरडतो त्या क्षणी डंकन काय करतो, ते ऐका.