माक्सिमोव्ह यांच्या स्लाइड्स

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली सस्तन प्राण्याच्या गर्भाचा छेद]

१ जून १९०९. बर्लिनच्या रक्तशास्त्र मंडळाची खास बैठक. सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीतले हिस्टॉलॉजीचे (ऊतींच्या सूक्ष्म रचनेच्या शास्त्राचे) प्राध्यापक अलेक्झांडर माक्सिमोव्ह स्लाइड्स दाखवत बोलताहेत. तांबड्या पेशी, दाणेदार पांढऱ्या पेशी, लिम्फोसाइट (दाणे नसलेल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), या सगळ्यांची मूळपेशी एकच, आणि ती दिसते लिम्फोसाइटसारखी, असं त्यांचं म्हणणं. जर्मन संशोधक पॉल एर्लिख यांच्या मते मात्र अस्थिमज्जेतल्या आणि लसीकाग्रंथींतल्या पेशींची घराणीच वेगळी.

हा वाद बराचसा पद्धतीचा होता. एर्लिख यांचा भर काचेवर पसरून वाळवलेल्या रक्तावर. अशा स्मिअरमध्ये पेशीतले दाणे स्वच्छ दिसतात, पण ऊतीत तिच्या शेजारी कोण होतं ते कळत नाही. माक्सिमोव्ह गर्भाचे छेद घेत. पीतककोश (गर्भाला जोडलेली पिशवी), मग यकृत, मग अस्थिमज्जा, अशा क्रमाने रक्त कुठे तयार होतं ते त्यात पेशींच्या जागेसकट दिसतं.

[दृश्य: बरण्या, पिवळसर द्रावण]

छेद घेण्याआधी ऊत आहे तशी टिकवायला लागायचं झेंकर द्रावण : १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम मर्क्युरिक क्लोराइड आणि २.५ ग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेट. फॉर्मलिन घालायचं ते अगदी वापरताना. आधी मिसळून ठेवलं तर डायक्रोमेटची फॉर्मलिनशी अभिक्रिया होते आणि द्रावण वाया जातं. ऊतीचा तुकडा या द्रावणात ठेवून काढला की वाहत्या पाण्यात चांगला धुवायचा. क्रोम आत राहिलं आणि तुकडा तसाच अल्कोहोलमध्ये गेला, तर हिरवट साका बसतो आणि तो निघत नाही. पाऱ्याचे काळे ठिपकेही राहतात. ते आयोडिनने आणि मग थायोसल्फेटने काढावे लागतात, नाहीतर शिकाऊ डोळा त्यांनाच पेशीतले दाणे समजतो. पारा विषारी असल्याने हे द्रावण आता जवळपास हद्दपार झालं आहे.

पातळ छेद कापता यावा म्हणून तुकडा मेणात नव्हे, सेलॉइडिन या घट्ट होणाऱ्या द्रव्यात बसवायचा. काही आठवडे लागतात, पण उष्णता लागत नाही, म्हणून ऊत कमी आकसते. मग छेद रंगवायला इओसिन-अझूर, म्हणजे लाल इओसिन आणि निळं अझूर यांचं द्रावण. द्रावण जास्त आम्ल झालं की सगळं गुलाबी, जास्त अल्कली झालं की सगळं निळं. नेमकं जमलं की लिम्फोसाइटसारख्या पेशीची निळी कडा आणि इओसिनोफिलचे (एक दाणेदार पांढरी पेशी) लाल दाणे एकाच छेदात वेगळे ओळखू येतात. हिस्टॉलॉजीच्या जर्नलमध्ये गुलाबी-जांभळ्या पेन्सिली झिजवणाऱ्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने हे रंग एकदा स्वतः आणून पाहावेत. रंग हा रसायनाचा परिणाम आहे, हे तेव्हाच पटतं.

[दृश्य: शिकागो]

१९२२ मध्ये माक्सिमोव्ह शिकागो विद्यापीठात आले. तिथे त्यांनी ऊतीसंवर्धनावर (शरीराबाहेर ऊती वाढवण्यावर) मेहनत घेतली, कारण स्थिर छेदांतून पेशींचा क्रम जुळवता येतो, पण एक पेशी दुसरी होताना दिसत नाही. १९२८ मध्ये ते गेले. त्यांचं अपुरं पाठ्यपुस्तक विल्यम ब्लूम यांनी पूर्ण केलं आणि ते १९३० मध्ये आलं.

[दृश्य: उंदराची प्लीहा (पाणथरी), पृष्ठभागावर गाठी]

मूळपेशीचा भक्कम पुरावा टोरोंटोतून आला. १९६१ मध्ये जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककलक यांनी प्राणघातक मात्रेचं किरणोत्सर्जन दिलेल्या उंदरांना मज्जापेशी टोचल्या. सुमारे दहा दिवसांनी प्लीहेवर गाठी उठल्या, साधारण १०,००० पेशींमागे एक. पेशी जास्त टोचल्या तर गाठी एकमेकींत मिसळतात आणि मोजता येत नाहीत. किरणांची मात्रा कमी पडली तर उंदराच्या स्वतःच्या पेशी गाठी करतात, म्हणून काहीही न टोचलेले उंदीरही सोबत ठेवावे लागतात. १९६३ मध्ये, किरणांमुळे गुणसूत्रांवर उठलेल्या खुणांवरून, गाठ एकाच पेशीपासून वाढते हे दिसलं.

तरी अशा बऱ्याच गाठी मूळपेशीच्या नसून तिच्या पुढच्या पिढीतल्या पेशींच्या असतात, हे नंतर कळलं. खरी परीक्षा मग अशी झाली : मज्जा एका उंदरातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात घालायची आणि प्रत्येक वेळी सगळ्या प्रकारच्या रक्तपेशी महिनोन्‌महिने तयार होतात का, ते मोजायचं. माक्सिमोव्ह यांनी दाखवलेली लिम्फोसाइटसारखी पेशी आजही नुसत्या स्लाइडवर खात्रीने ओळखता येत नाही.