आरशातला तारा

[लाकडी फळी, उभा आरसा, दुहेरी रेघांचा तारा]

पुण्यातल्या एका महाविद्यालयाची मानसशास्त्राची प्रयोगशाळा. एम.ए.च्या पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल. प्रयोग जुना आहे, मिरर ड्रॉइंग. मधे पडदा असल्यामुळे स्वतःचा हात दिसत नाही, दिसतो तो आरशातला तारा. दोन रेघांच्या मधून सळई फिरवायची. काठाला लागली की काउंटरवर एक चूक चढते.

पहिल्या फेरीत प्रत्येकाचाच हात भलतीकडे जातो. या विद्यार्थिनीचाही गेला. आधी डावा हात, मग उजव्याचा सराव, मग पुन्हा डावा. चुका कमी होत जातात आणि त्या चुकांच्या आकड्यांवरूनच शिकण्याचा आलेख निघतो. पहिल्याच फेरीत शून्य चुका झाल्या, तर काढायला आलेखच उरणार नाही!

[जर्नल, जवळून]

आता हे जर्नल. समास पट्टीने आखलेला, अक्षर वळणदार. कोष्टकात एकच आकडा खोडावा लागला आणि बघा, तिने अख्खं पान फाडलं. शेजारच्या टेबलावरही तेच चाललंय.

सगळं बिनचूकच हवं, ही वृत्ती म्हणजे परफेक्शनिझम. ती मोजायची प्रश्नावली याच विषयात आहे. अमेरिकेतले रँडी फ्रॉस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९० मध्ये मांडली. विधानं ३५, गट सहा : चुकांची धास्ती, केलेल्या कामाबद्दल शंका, स्वतःचे मापदंड, आईवडिलांच्या अपेक्षा, त्यांची टीका आणि नीटनेटकेपणा. सगळ्यांत जास्त विधानं, म्हणजे ९, चुकांच्या धास्तीची. एकूण बेरीज करताना मात्र नीटनेटकेपणाचे गुण धरत नाहीत. आम्हाला हे फार महत्त्वाचं वाटतं. पट्टीने आखलेला समास हे दुखणं नव्हे, पान फाडायला लावते ती धास्ती वेगळीच.

मापदंड उंच असणाऱ्यांना गुणही बरे मिळतात, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. धास्तीचं तसं नाही. प्रबंधाचं प्रकरण लॅपटॉपमध्येच अडकतं, मार्गदर्शकांपर्यंत पोचत नाही, झोप उडते.

[कच्ची वही]

ही तिचीच कच्ची वही. खाडाखोड, बाण, पहिल्या फेरीतल्या सगळ्या चुका, शेजारी पेन्सिलीने लिहिलेलं ‘असं का झालं?’ खरा अभ्यास या पानांवर झालाय, पण तपासायला जातं ते पक्कं जर्नल. उद्याचे समुपदेशक घडवणाऱ्या विभागांनी या कच्च्या वहीलाही गुण द्यावेत, एवढी आमची मागणी आहे.