एच ९०० म्हणजे भट्टीला ९०० नव्हे!

(हातात पंपाचा शाफ्ट)

नमस्कार मंडळी. हा शाफ्ट १७-४ पीएच नावाच्या स्टेनलेस स्टीलचा. रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात असे शाफ्ट सतत येत-जात असतात. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'कंडिशन एच ९००', म्हणजे त्याला कुठली हीट ट्रीटमेंट द्यायची ते.

काही वर्षांपूर्वी असाच एक लॉट हीट ट्रीटमेंटला बाहेर पाठवला. परत आला तो काळाकुट्ट, वर खपल्या धरलेल्या. रॉकवेल सी, म्हणजे हार्डनेसचा आकडा, बघितला, किमान ४० हवा तिथे ३४. भट्टीच्या तापमान-नोंदीचा चार्ट मागवला, तर भट्टीवरच्या पोराने कंट्रोलरला सरळ ९०० लावलेले. सेल्सिअस!

त्याला तरी काय बोलणार? एचपुढचा आकडा फॅरनहाइटमध्ये असतो, हे त्याला आम्ही तरी कुठे सांगितलं होतं? एच ९०० म्हणजे ४८२ अंश सेल्सिअस, १ तास, मग हवेत गार. एच १०२५ म्हणजे ५५२ आणि एच ११५० म्हणजे ६२१, या दोन्हींना ४-४ तास. नीट झालेला एच ९०० जॉब भट्टीतून निघतो तेव्हा त्यावर फिकट तपकिरी झाक असते, बस. खपली दिसली की समजा, गडबड आहे.

आता हे होतं कसं? १७-४ म्हणजे १७ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि ४ टक्के निकेल. पण खरं काम करतं ते नावात नसलेलं तांबं, ३ ते ५ टक्के. पोलादाच्या कारखान्यातच ते १०४० अंशांच्या आसपास तापवतात, तेव्हा सगळं तांबं त्यात विरघळतं. मग ते इतक्या झपाट्याने गार करतात, की तांब्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. ही झाली कंडिशन ए. आपल्याकडे बार येतो तो बहुतेक असाच.

पुढे ४८२ ला तापवलं, की अडकलेलं तांबं अतिशय बारीक कणांनी बाहेर पडतं. कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण धातूच्या आतले थर एकमेकांवरून सरकायला लागले की हे आडवे येतात. ताकद वाढते ती त्यामुळे. तापमान वाढवत नेलं की कण मोठे आणि विरळ होतात. म्हणून एच ९०० ला किमान १३१० एमपीए (मेगापास्कल) ताकद मिळते, तर एच ११५० ला ९३०. बदल्यात एच ११५० धक्का जास्त सोसतो. आणि एकदा एच ११५० केलेला जॉब ४८२ ला टाकून एच ९०० होत नाही हं! पुन्हा १०४० पासून सुरुवात.

एजिंगमध्ये, म्हणजे कण बाहेर काढायच्या या तापवण्यात, जॉब किंचित आक्रसतो, हेही धरून चला. एच ९०० ला १०० मिलिमीटरमागे साधारण ०.०५. ग्राइंडिंगचा माल ठेवलेला असेल तर काही बिघडत नाही.

आमचा तो लॉट असाच पुन्हा १०४० ला गेला. आणि इथे मे महिना आडवा आला. १०४० नंतर जॉब ३२ अंशांच्या खाली गार व्हावा लागतो, तेव्हाच पोलादाचं मार्टेन्साइटमध्ये, म्हणजे त्याच्या कडक रचनेत, रूपांतर पुरं होतं. आता मे महिन्यात ठाणे-बेलापूर पट्ट्यात पत्र्याच्या शेडखाली दुपारी ३२? पंख्याखाली दोन तास ठेवला तरी जॉब ३६ वर बसलेला. मग थंड पाण्यात बुडवा, नाहीतर रात्रीपर्यंत थांबा. घाईत तसाच भट्टीत टाकलात तर आतला काही भाग ऑस्टेनाइटच, म्हणजे तापलेल्या पोलादाच्या मऊ रचनेतच, राहतो आणि हार्डनेस एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला भलताच.

(शाफ्ट टेबलावर ठेवून)

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती एच ११५० ची. आमचा ९०० चा घोटाळा हार्डनेसमध्ये लगेच पकडला गेला. एच ११५० ला मात्र किमान २८ रॉकवेल सी पुरतो आणि भट्टीचं तोंडही न पाहिलेला कंडिशन 'ए'मधला बार सहज ३३-३४ दाखवतो. म्हणजे जॉब एजिंगला गेलाच नाही तरी इन्स्पेक्टर ओके मारतो! तो शाफ्ट मशीनवर चढतो, आणि कंडिशन ए तर वापरायचीच नसते. ती ठिसूळ असते, खाऱ्या पाण्यात ताणाखाली तडकते. हार्डनेस टेस्टर इथे काही सांगणार नाही. भट्टीचा चार्टच बघावा लागतो, तारीख आणि लॉट नंबर जुळवून.

आमच्या चलनावर आता एवढं छापूनच घेतलंय: 'एच ९००, ४८२ अंश सेल्सिअस, १ तास, हवेत गार, चार्टची प्रत सोबत.' आणि १०४० ला जायचा माल असेल तर खाली पेनाने एक ओळ: 'एजिंगआधी जॉब ३२ च्या खाली आणणे, थर्मामीटर लावून, हात लावून नव्हे.'