नराच्या रक्तात गाभोळीचा बलक

(दृश्य: सांगली. आयर्विन पुलाखालचं कृष्णेचं पात्र, सकाळ.)

नदीत मासे मरून वर आले की सांगलीत कळायला वेळ लागत नाही. पुलावर गर्दी होते, मोबाईल निघतात, संध्याकाळपर्यंत बातमी. पण काही रसायनं मासा मारत नाहीत. तो पोहतो, खातो, जाळ्यातही येतो. फक्त त्याची वीण खुंटते. आणि न झालेली पिल्लं काही पाण्यावर तरंगत नाहीत.

(दृश्य: मासळी बाजार. चिरलेल्या मादीच्या पोटातली गाभोळी.)

पावसाळ्याच्या तोंडाला मादी चिरली की अशी पोटभर गाभोळी निघते. तिच्यातला बलक मात्र अंडाशयात बनत नाही. अंडाशयातून एस्ट्रॅडिओल हे हार्मोन रक्तात उतरतं आणि यकृताकडे जातं. त्याच्या हुकमानं यकृत व्हिटेलोजेनिन नावाचं प्रथिन तयार करतं. ते रक्तावाटे अंडाशयात येतं आणि त्याचा बलक होतो.

गंमत अशी की हे काम नराच्या यकृतालाही येतं. त्याला हुकूमच मिळत नाही, म्हणून ते गप्प असतं. पाण्यातून कल्ल्यांवाटे एस्ट्रॅडिओलसारखा रेणू आत शिरला, की बनावट सहीचा कागद खरा धरून कारकुनानं काम सुरू करावं, तसं यकृत कामाला लागतं. नराचं रक्त बलकाच्या प्रथिनानं भरून जातं. ते जाणार कुठे? मूत्रपिंडं बिघडतात, वृषणं नीट वाढत नाहीत. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात सांडपाणी प्रकल्पांच्या खालच्या अंगाला पकडलेल्या रोच जातीच्या नरांच्या वृषणात चक्क अंडपेशी सापडल्या.

(दृश्य: शहराचं सांडपाणी वाहणारा शेरीनाला नदीला मिळतो ती जागा.)

सांडपाण्यात हे रेणू येतात आपल्याच घरांतून. माणसाच्या लघवीत नैसर्गिक इस्ट्रोजेन, म्हणजे एस्ट्रॅडिओलच्या गटातली हार्मोनं, असतात. गर्भनिरोधक गोळीतलं एथिनिलएस्ट्रॅडिओल त्याहून चिवट, सहज विघटत नाही.

किती पुरतं? कॅनडात ऑन्टारिओ प्रांतातल्या एका प्रायोगिक तळ्यात २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे हेच रसायन मुद्दाम सोडलं. लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे पाच-सहा अब्जांश. आपल्या भाषेत सांगायचं तर एक टीएमसी पाण्याला साधारण दीडशे ग्रॅम. अख्खं कोयना धरण काठोकाठ भरलेलं धरलं, तरी पंधरा-अठरा किलो! तेवढ्यावर त्या तळ्यातले फॅटहेड मिनो हे छोटे मासे जवळजवळ संपले. त्यांच्यावर जगणाऱ्या मोठ्या ट्राउटचीही संख्या घटली.

(दृश्य: तासगाव. द्राक्षबाग, ट्रॅक्टरमागे ब्लोअर.)

आता उलटा प्रकार. भुरी या बुरशीजन्य रोगासाठी बागेत ट्रायझोल गटातली बुरशीनाशकं फवारतात, टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल वगैरे. ती बुरशीतलं ज्या जातीचं विकर (एन्झाइम) अडवतात, त्याच कुळातलं अरोमाटेज माशात टेस्टोस्टेरॉनपासून एस्ट्रॅडिओल बनवतं. प्रयोगशाळेत या प्रकारच्या बुरशीनाशकांनी ते अडवलेलं दिसलं आहे. अरोमाटेज अडलं की मादीच्या यकृताला हुकूम कमी, बलक कमी, अंडी कमी. द्राक्षाला दोष देऊन भागणार नाही, तालुक्याचं पोट त्यावर आहे. पण फवारणी झाल्यावर ब्लोअरची टाकी ओढ्यावर नेऊन खळखळून धुणं टाळता येतं. ते धुवण बागेतच फवारून टाकावं.

(दृश्य: उन्हाळा. बंधाऱ्याला अडलेलं, हिरवट पाणी.)

नदीच्या नेहमीच्या तपासणीत बीओडी (सेंद्रिय घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन), पीएच, विरघळलेला ऑक्सिजन मोजतात. हार्मोनचा रकानाच नसतो. खरं तर नरमाशाच्या रक्ताचा एक थेंब पुरे, त्यात व्हिटेलोजेनिन निघालं की पाण्यात असे रेणू आहेत समजायचं. आणि तपासायचं तर उन्हाळ्यात, पाणी आटून सांडपाणी कमी पातळ होतं तेव्हा.

कॅनडातल्या तळ्यात रसायन थांबवल्यावर मिनो काही वर्षांत पुन्हा वाढले. त्यांचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं, पिढ्या भराभर येतात. आपल्या कटल्या-रोहूला पहिल्या विणीलाच दोनेक वर्षं लागतात.